विसरायला नकार देणारा नट : ब्रायन रिक्स

1951 चा डिसेंबर. लंडनच्या व्हाइटहॉल थिएटरमध्ये एक फार्स सव्वा वर्षापासून जोरात चालला होता. फौजेत सक्तीने भरती झालेल्या पोरांची ती धमाल होती. त्यातला सगळ्यात बावळट रंगरूट रंगवणारे ब्रायन रिक्स हेच त्या नाट्यसंस्थेचे मालकही होते. वय अवघं 27. रोज रात्री प्रेक्षक पोट धरधरून हसत होते. त्याच महिन्यात रिक्स आणि त्यांची पत्नी एल्स्पेट ग्रे (त्याही अभिनेत्रीच) यांना पहिली मुलगी झाली. तिचं नाव शेली.

शेलीला डाऊन सिंड्रोम होता. आता करायचं काय, असं विचारल्यावर या जोडप्याला मिळालेला सल्ला रिक्स पुढे आयुष्यभर सांगत राहिले. त्याचा अर्थ असा : तिला कुठेतरी ठेवून द्या, विसरून जा, आणि दुसऱ्या मुलाची तयारी करा.

हे वाचून आपल्याला त्या डॉक्टरांचा राग येतो. पण तो सल्ला कुणा एका दुष्ट माणसाच्या तोंडून निघालेला नव्हता. तेव्हाचा कायदा, तेव्हाच्या शाळा, दवाखाने, सरकारी खाती, सगळ्यांचं मिळून तेच म्हणणं होतं. रिक्स यांचं आयुष्य नीट पाहिलं की ते म्हणणं कसं तयार झालं आणि कसं मोडलं, हे दोन्ही कळतं. म्हणून हा लेख.

आधी शब्द समजून घेऊ

आपल्या शरीरातल्या पेशींमध्ये गुणसूत्रांच्या 23 जोड्या असतात, म्हणजे एकूण 46 गुणसूत्रं. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या जोडीत दोनऐवजी तीन गुणसूत्रं असतात. एवढाच फरक, पण तो जन्माआधीच ठरलेला असतो. साधारण सातशे ते हजार जन्मांमागे एका बाळात तो आढळतो. आईने काय खाल्लं, ग्रहण पाळलं की नाही, घराण्यात कुणाचा शाप आहे का, याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. हे कारण शास्त्रज्ञांना कळलं 1959 मध्ये, म्हणजे शेली सात वर्षांची झाल्यावर. तोपर्यंत आईबापांना उत्तर नव्हतं, आणि उत्तर नसलं की लोक दोष देतात.

दुसरी गोष्ट. बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानसिक आजार कुणालाही, कोणत्याही वयात होऊ शकतो आणि त्यावर उपचार असतात. बौद्धिक अक्षमता लहानपणापासूनची असते. शिकायला वेळ जास्त लागतो, रोजच्या व्यवहारात कमी-जास्त मदत लागते, आणि ती आयुष्यभर सोबत असते. ‘बरं करणे’ हा इथे प्रश्नच नसतो. प्रश्न असतो तो शिकवण्याचा, आधाराचा आणि जगण्याला जागा करून देण्याचा. आपल्याकडेही अजून या दोन्हींना एकाच मापाने ‘वेडसर’ म्हणून मोकळं होणारी माणसं भेटतात. त्या एका शब्दाने किती मुलांची शाळा बुडाली असेल, याचा विचार केला की जीव कळवळतो.

आता ब्रिटनचा कायदा बघा. 1913 च्या कायद्याने अशा माणसांचे वर्ग पाडले होते आणि त्या वर्गांची अधिकृत नावं आपल्याकडच्या ‘मूढ’, ‘जड’, ‘मंदबुद्धी’ अशा शब्दांच्या जातीची होती. सरकारी कागदावर, सही-शिक्क्यानिशी. पुढे 1944 च्या शिक्षण कायद्याने प्रत्येक मुलाला शिक्षण देण्याची जबाबदारी घेतली, पण एक दार उघडं ठेवलं : एखादं मूल ‘शिकवण्यास अपात्र’ आहे असं अधिकाऱ्यांनी ठरवलं की ते शिक्षण खात्याच्या हातातून सुटून आरोग्य खात्याकडे जायचं. शाळा बंद. मग उरायचं घर किंवा मोठं इस्पितळ. ते इस्पितळ बहुधा गावाबाहेर, उंच भिंतींच्या आत, एकेका खोलीत पलंगाला पलंग लावलेलं.

‘ठेवून द्या’ याचा अर्थ हा होता.

टेडिंग्टनची ती इमारत

शेली पाच वर्षांच्या आसपास असताना टेडिंग्टनच्या नॉर्मन्सफील्ड इस्पितळात राहायला गेली. थेम्स नदीजवळचं हे गाव. या इमारतीपाशी मला थोडं थांबायचं आहे, कारण या विषयाचा सगळा इतिहास तिच्या भिंतींत आहे.

नॉर्मन्सफील्ड सुरू केलं 1868 मध्ये डॉ. जॉन लँग्डन डाऊन आणि त्यांच्या पत्नी मेरी यांनी. ‘डाऊन सिंड्रोम’मधले डाऊन ते हेच. 1866 मध्ये त्यांनी या मुलांचं वर्णन पहिल्यांदा नीट लिहून काढलं, पण त्यांच्या डोळ्यांची ठेवण पाहून त्यांना ‘मंगोल’ असं नाव दिलं. एका मानववंशाचं नाव एका अवस्थेला चिकटलं आणि जवळपास शंभर वर्षं सुटलं नाही. 1961 मध्ये काही शास्त्रज्ञांनी ते बदलावं म्हणून जाहीर पत्र लिहिलं. 1965 मध्ये मंगोलियाच्या प्रतिनिधींच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने ते सोडलं. शेली जन्मली तेव्हा मात्र डॉक्टरांच्या तोंडी तोच शब्द होता.

तरीही डाऊन त्यांच्या काळाच्या पुढे होते. ज्या काळात अशा मुलांना कोंडून ठेवणं हाच उपाय मानला जाई, त्या काळात त्यांनी या मुलांना शिकवता येतं असं मानलं आणि तसं केलं. 1879 मध्ये त्यांनी नॉर्मन्सफील्डमध्ये चक्क एक नाट्यगृह बांधलं. खरंखुरं, रंगवलेल्या पडद्यांचं, सुरेख रंगमंच असलेलं. नाटक आणि संगीत मुलांच्या वाढीला हवंच, असं त्यांचं मत होतं. आणखी एक गोष्ट : पुढे त्यांच्याच घरात, त्यांच्या नातवाच्या रूपाने, डाऊन सिंड्रोम असलेलं मूल जन्माला आलं.

1951 मध्ये, म्हणजे शेलीच्या जन्माच्याच वर्षी, ही संस्था सरकारी आरोग्य सेवेकडे गेली. संस्थापकांची दृष्टी मागे पडत गेली आणि उरली ती गर्दी, अपुरी माणसं, कळकट वॉर्ड. 1976 मध्ये तर तिथल्या परिचारिकांनीच प्रमुख डॉक्टरांच्या कारभाराविरुद्ध संप केला. चौकशी बसली आणि 1978 मध्ये तिचा अहवाल आला तेव्हा अवघ्या देशाला कळलं की आत काय चाललं होतं. त्याआधी 1969 मध्ये कार्डिफच्या ईली इस्पितळाची अशीच चौकशी गाजली होती. एकामागून एक झाकणं उघडत गेली.

एक प्रश्न अनेकांच्या मनात येईल, आणि तो टाळून हा लेख लिहिणं मला बरोबर वाटत नाही. ज्या माणसाने ‘विसरून जा’ हे मानलं नाही, त्याने मुलीला इस्पितळात ठेवलंच कसं? कारण दुसरं काहीही नव्हतं. शाळा नाही, मदतीला येणारं माणूस नाही, सरकारी भत्ता नाही. रिक्स आणि एल्स्पेट यांनी सल्ल्याचा पहिला भाग नाइलाजाने मान्य केला आणि दुसरा भाग धुडकावला. ते जात राहिले. संस्थेच्या मित्रमंडळाचं काम अंगावर घेतलं, पैसे गोळा केले. माझ्या मते त्यांच्या पुढच्या तीस-चाळीस वर्षांच्या कामाचं इंधन या नाइलाजातच होतं. आपल्याला जे करावं लागलं ते दुसऱ्या कुणावर येऊ नये, ही बोच.

फार्स म्हणजे काय, आणि त्याने काय शिकवलं

रिक्स यांचा जन्म 27 जानेवारी 1924 चा, यॉर्कशरमधल्या कॉटिंगहॅमचा. घरचा धंदा जहाजांचा. पोराला खेळायचं होतं यॉर्कशरसाठी क्रिकेट. आई हौशी नाटकं बसवायची आणि नाटकाचं वेड तिथूनच लागलं. बहीण शीला मर्सिअर हीसुद्धा पुढे टीव्हीवरची नावाजलेली अभिनेत्री झाली. अठराव्या वर्षी रिक्स व्यावसायिक रंगभूमीवर आले. युद्धकाळात त्यांनी हवाई दलात आणि कोळशाच्या खाणीतही काम केलं, आणि 1948 मध्ये इल्क्ली या गावात स्वतःची नाट्यसंस्था काढली. दोन वर्षांत मंडळी लंडनला पोहोचली आणि व्हाइटहॉल थिएटर त्यांनी 16 वर्षं सोडलं नाही. पहिलं नाटकच सोळाशेहून जास्त प्रयोग चाललं.

मराठी वाचकाला फार्स समजावून सांगायची गरज नाही. बबन प्रभू आणि आत्माराम भेंडे यांनी आपल्याला तो चांगलाच शिकवला आहे. एक दार उघडलं की दुसरं बंद व्हायला हवं, एक माणूस पलंगाखाली शिरला की दुसऱ्याने त्याच पलंगावर बसायला हवं. रिक्स प्रसिद्ध होते ते रंगमंचावर पँट घसरण्यासाठी. पण नीट पाहा, हशा पँट घसरल्याचा नसतो. तोपर्यंत अब्रू सांभाळण्यासाठी त्या माणसाने केलेल्या धडपडीचा तो असतो. अर्धा सेकंद आधी घसरली तर प्रेक्षक गप्प. अर्धा सेकंद उशिरा, तरीही गप्प. नटाने स्वतःची लाज बाजूला ठेवायची आणि टायमिंग मात्र घड्याळासारखं सांभाळायचं.

लाज बाजूला ठेवणे, घर भरवणे, तिकीटबारी सांभाळणे, रोज तीच गोष्ट नव्या उत्साहाने सांगणे. संस्था चालवायला आणि सरकारच्या मागे लागायला नेमकं हेच लागतं, हे नंतर दिसलं.

टीव्हीची ताकदही त्यांनी लवकर ओळखली. 1952 मध्ये बीबीसीने त्यांच्या फार्सचा एक भाग थेट नाट्यगृहातून दाखवला आणि तिकिटांसाठी रांगा लागल्या. पुढे त्यांचे फार्स टीव्हीवर वर्षानुवर्षं गाजले. म्हणजे 1970 च्या दशकात ब्रिटनमधल्या कुठल्याही घरात हा चेहरा ओळखीचा होता. 1978 मध्ये हाच चेहरा बीबीसीवर एक वेगळा कार्यक्रम घेऊन आला. तो बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसांसाठीच बनवलेला होता आणि त्यात रोजच्या व्यवहाराच्या साध्या गोष्टी दाखवल्या जात. ‘त्यांच्याविषयी’ आधी खूप काही दाखवलं गेलं होतं. ‘त्यांच्यासाठी’, त्यांना प्रेक्षक मानून, तोवर कुणी फारसं काही केलं नव्हतं. नाटकवाल्यालाच सुचावी अशी ही गोष्ट : आधी प्रेक्षक ओळखा.

छप्पन्नाव्या वर्षी नोकरी

ब्रिटनमध्ये मेनकॅप ही या क्षेत्रातली मोठी संस्था. तिचं मूळ एका आईच्या पत्रात आहे. 1946 मध्ये ज्यूडी फ्राइड या बाईंनी एका मासिकाला पत्र लिहून आपल्यासारख्या पालकांना साद घातली. त्यांच्या मुलीला शाळा नाकारत होती. पत्रांचा पाऊस पडला आणि पालकांची संघटना उभी राहिली. इथे मुंबईचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. त्याच्या दोन वर्षं आधी, 1944 मध्ये, जय वकील या आईने आपल्या डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलीसाठी शाळा सुरू केली होती आणि शिवडीची ती संस्था आजही उभी आहे. दोन्हीकडे सरकार नंतर आलं, आई आधी.

पालकांच्या या रेट्यातूनच 1970 चा कायदा झाला आणि ‘शिकवण्यास अपात्र’ हा शिक्का इंग्लंडमध्ये पुसला गेला. 1971 पासून प्रत्येक मूल, कितीही अक्षमता असली तरी, शिक्षण खात्याची जबाबदारी झालं. शेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिच्यासाठी तो उशिरा आला.

1977 मध्ये रिक्स यांनी रंगभूमीवरून निरोप घेतला आणि 1980 मध्ये ते मेनकॅपचे महासचिव झाले. वय 56. नामवंत नट संस्थेचा मानद अध्यक्ष होऊन वर्षातून एकदा फीत कापतो, हे आपण नेहमी पाहतो. रिक्स यांनी रोज कचेरीत जाऊन बसायची नोकरी धरली. 1987 पर्यंत ते महासचिव, पुढची दहा वर्षं कार्याध्यक्ष आणि 1998 पासून शेवटपर्यंत अध्यक्ष राहिले.

त्या काळात सर्वांत मोठं काम होतं मोठ्या इस्पितळांतून माणसांना बाहेर आणण्याचं. बोलायला सोपं, करायला महाकठीण. वीस-तीस वर्षं वॉर्डात राहिलेल्या माणसाला वस्तीतल्या घरात आणायचं तर घर हवं, सोबतीला शिकलेली माणसं हवीत, दिवसभर करायला काम हवं, आणि शेजाऱ्यांनी दार लावून घेऊ नये हेही हवं. नुसती इस्पितळं बंद केली तर माणसं रस्त्यावर येतात. म्हणून मेनकॅपने लहान लहान घरं उभी करायला घेतली : चार-पाच जणांनी एकत्र राहायचं, आपला चहा आपण करायचा, रात्री कधी झोपायचं ते आपण ठरवायचं. वॉर्डात ही शेवटची गोष्ट कुणालाच ठरवता येत नसे.

मेनकॅपच्या बोधचिन्हात आधी एक खिन्न चेहऱ्याचा लहान मुलगा होता. पाहणाऱ्याला दया यावी आणि खिशात हात जावा, असा. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला तो काढला गेला आणि त्याजागी हसऱ्या, जगण्यात गुंतलेल्या माणसांची छायाचित्रं आली. मला हा बदल कायद्याच्या एखाद्या कलमाइतका मोठा वाटतो. दयेत देणारा वर असतो आणि घेणारा खाली, शिवाय ज्याची दया करायची तो कायम लहान मूलच राहायला लागतो. मतदान, भाडेकरार, लग्न, नोकरी या मोठ्या माणसांच्या गोष्टी आहेत.

माझ्या आत्याच्या धाकट्या मुलीलाही डाऊन सिंड्रोम आहे. मी शाळेत असताना एकदा त्यांच्याकडे शिरगणतीची बाई आली होती. घरात माणसं किती, असं तिने विचारलं. आत्याच्या सासऱ्यांनी ‘पाच’ सांगितलं. आत्या स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानेच बाहेर आली आणि म्हणाली, “सहा लिहा.” बाकी काही बोलली नाही. त्या बाईंनी आकडा खोडला आणि वर सहा लिहिला. तो खोडलेला आकडा अजून माझ्या डोळ्यांसमोर आहे.

त्याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला

1986 मध्ये रिक्स यांना ‘सर’ किताब मिळाला आणि 1992 मध्ये ते हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये गेले. पदवीत त्यांनी व्हाइटहॉल आणि आपल्या बालपणाचं गाव हॉर्न्सी, अशी दोन नावं घेतली. व्हाइटहॉल हा लंडनचा सरकारी कचेऱ्यांचा रस्ता. एका टोकाला त्यांचं जुनं थिएटर, दुसऱ्या टोकाला संसद. पायी दहा मिनिटांचं अंतर. ते कुठल्याही पक्षात गेले नाहीत.

वरिष्ठ सभागृहात खरं काम भाषणांपेक्षा दुरुस्त्यांत होतं. सरकार एखादं विधेयक आणतं, मग ते घरांचं असो, वाहतुकीचं असो वा भत्त्यांचं, आणि त्यात या माणसांचा कुणी विचारच केलेला नसतो. तेव्हा कुणीतरी प्रत्येक कलम वाचून ‘इथे हे शब्द घाला’ म्हणत मागे लागावं लागतं. रिक्स वीस वर्षं हे करत होते. दिवसरात्र सांभाळणाऱ्या आईबापांना अधूनमधून विश्रांती मिळावी, हा त्यांचा फार जुना आग्रह होता. 2008 च्या कायद्याने अपंग मुलांच्या पालकांसाठी तशी सोय करणं स्थानिक प्रशासनाचं कर्तव्य ठरवलं. आठवड्यातून काही तास, वर्षातून काही दिवस. ज्या घरात असं मूल आहे त्या घराला विचारा, सलग सहा तासांची झोप म्हणजे काय असते.

2006 मध्ये ब्रिटनने मताधिकाराच्या नियमातून बौद्धिक अक्षमतेच्या नावाखाली मत नाकारणारा जुना संकेतही काढून टाकला. एकविसावं शतक उजाडून सहा वर्षं झाल्यावर.

सगळं जिंकलं असं मुळीच नाही. 2007 मध्ये मेनकॅपने आरोग्य सेवेच्या हेळसांडीने दगावलेल्या सहा जणांची प्रकरणं मांडली. दुखतंय हे नीट सांगता न आल्याने, आणि सांगितलेलं कुणी मनावर न घेतल्याने गेलेली माणसं. 2011 मध्ये ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी इस्पितळातली मारहाण छुप्या कॅमेऱ्याने देशासमोर आणली. आजही इंग्लंडमध्ये बौद्धिक अक्षमता किंवा ऑटिझम असलेली दोन हजारांच्या आसपास माणसं इस्पितळांत अडकलेली आहेत. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने बौद्धिक अक्षमतेला स्पष्ट स्थान दिलं आहे, पण आईबापांच्या मनातला ‘आमच्यानंतर हिचं काय’ हा प्रश्न पुण्यात काय किंवा लंडनमध्ये काय, सारखाच जागा असतो.

रिक्स यांना या प्रश्नाचं उत्तर फार दुःखाच्या वाटेने मिळालं. शेली 2005 मध्ये, 53 व्या वर्षी, आईबापांच्या आधी गेली. एल्स्पेट 2013 मध्ये गेल्या.

अखेरच्या दिवसांतली एक गोष्ट सांगायलाच हवी. असाध्य आजारात मरणाला मदत मिळावी, या 2006 च्या विधेयकाला रिक्स यांनी विरोध केला होता. अशा कायद्याचा पहिला बळी आपली ही माणसं ठरतील, अशी त्यांना भीती होती. ऑगस्ट 2016 मध्ये स्वतः मृत्यूच्या दारात असताना त्यांनी लॉर्ड्सच्या सभापतींना पत्र लिहून कळवलं की आपलं मत बदललं आहे, आणि आपल्यासारख्यांना सुटका मिळेल असा कायदा करा. ज्यांच्यासाठी ते आयुष्यभर लढले त्यांच्यापैकी काही घरांना हे पत्र खुपलं असेल. मला त्यांची आधीची भीतीही खरी वाटते आणि नंतरची वेदनाही. त्यांनी दोन्ही उघडपणे सांगितल्या. 20 ऑगस्ट 2016 रोजी, 92 व्या वर्षी, त्यांचं निधन झालं.

नॉर्मन्सफील्ड इस्पितळ 1997 मध्ये बंद झालं. लँग्डन डाऊन यांनी बांधलेलं ते नाट्यगृह मात्र शाबूत आहे, रंगवलेल्या पडद्यांसकट. त्या इमारतीत आता ब्रिटनच्या डाऊन सिंड्रोम संघटनेचं मुख्यालय आहे. ज्या वास्तूत एकेकाळी मुलांना ठेवून दिलं जाई, तिथे आज आईबाप आपापल्या लेकरांचा हात धरून येतात आणि संध्याकाळी त्यांना घेऊन घरी जातात.